अर्जेंटिनाचा बारावा खेळाडू

वस्तीचा संघ

ब्युनोस आयर्स आणि आसपास पहिल्या श्रेणीचे डझनभर फुटबॉल क्लब आहेत. संघ निवडावा लागतच नाही. आजोबांचा तोच नातवाचा. कोल्हापुरात तालमीचा संघ घरात उतरतो, तसंच. बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट हे हाडवैरी एकाच ला बोका या बंदरवस्तीत जन्मले. रिव्हर पुढे उत्तरेकडे सरकला आणि 1930च्या दशकातल्या खेळाडूंच्या महागड्या खरेदीमुळे त्याला ‘कोट्यधीश’ हे नाव चिकटलं.

आधी लेख, मग मॅराडोना

1919 साली निघालेल्या ‘एल ग्राफिको’ या साप्ताहिकानं देशाला आपल्या खेळाची ओळख करून दिली. त्याचे संपादक ‘बोरोकोतो’ यांनी 1928 मध्ये लिहिलं की, पुतळा उभारायचाच तर गल्लीतल्या पोराचा उभारा: मळकं तोंड, विस्कटलेले केस, पायाशी चिंध्यांचा चेंडू. पुढे विया फियोरितोच्या झोपडपट्टीतून मॅराडोना आला, तेव्हा लोकांना तो ओळखीचाच वाटला. माझ्या मते इतकं दूरवर पोचलेलं क्रीडालेखन दुसरं नाही.

कानाने पाहिलेला गोल

स्टँडमध्ये बसूनही कानाला ट्रान्झिस्टर असे, कारण दुसऱ्या मैदानांवरचे गोलही कळायला हवे असत. 22 जून 1986 रोजी विश्वचषकात मॅराडोनानं निम्मं मैदान एकट्यानं पार करून इंग्लंडवर गोल केला. रेडिओ समालोचक विक्टर उगो मोरालेस माइकवरच रडले, त्याला ‘अवकाशातला पतंग’ म्हणाले. ब्रिटनविरुद्धच्या फॉकलंड युद्धातल्या पराभवाला तेव्हा चारच वर्षं झाली होती. गंमत म्हणजे बोरोकोतो आणि मोरालेस दोघेही शेजारच्या उरुग्वेचे!

टीव्ही मात्र राजकारणात सापडला. 2009 मध्ये सरकारनं लीगचे हक्क घेऊन सामने फुकट दाखवले. मध्यंतराला सरकारी जाहिराती असत. 2017 मध्ये ती योजना गुंडाळली गेली.

ढोल आणि दहशत

गोलपोस्टमागे उभं राहून नव्वद मिनिटं गाणाऱ्यांत ‘बारा ब्रावा’ या टोळ्याही असतात. तिकिटांचा काळाबाजार, पार्किंगची वसुली, क्लबच्या निवडणुकीत दादागिरी हा त्यांचा धंदा. वर्तमानपत्रं त्यांच्यावर टीका करतात आणि टीव्ही त्यांचेच ढोल-झेंडे दाखवून सामना विकतो. 2013 मध्ये एका चाहत्याच्या मृत्यूनंतर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना बंदी झाली, म्हणजे टोमणे मारायला समोर कुणी उरलंच नाही.

2018 मध्ये दक्षिण अमेरिकी क्लबांच्या लिबेर्तादोरेस चषकाच्या अंतिम फेरीत बोका-रिव्हर भिडले. दुसऱ्या सामन्याआधी बोकाच्या बसवर दगडफेक झाली आणि सामना माद्रिदला हलवावा लागला. स्पेनच्या जोखडातून खंड सोडवणाऱ्या वीरांच्या नावाचा चषक रिव्हरनं स्पेनच्या राजधानीत उचलला.