जिमखान्याला कुलूप कोण लावतं?

८ जुलै २०२० रोजी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने एक यादी जाहीर केली. विद्यापीठात चालणाऱ्या ३६ खेळांपैकी ११ खेळ पुढच्या वर्षी बंद होणार होते. कुस्ती, तलवारबाजी, हॉकी, स्क्वॉश, पुरुषांचं रोइंग, पुरुषांचं व्हॉलीबॉल अशी नावं त्यात होती. कारण एकच, तूट. जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठांपैकी एकाने हात वर करावेत, हे माजी खेळाडूंच्या पचनी पडलं नाही. त्यांनी पैसे उभे करायची तयारी दाखवली, विद्यार्थी कोर्टात गेले, आणि मे २०२१मध्ये विद्यापीठाला निर्णय मागे घ्यावा लागला.

नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर अशी यादी कधी लागलेली नाही, लागणारही नाही. आपल्याकडे खेळ बंद करण्याचा ठराव कुणी मांडत नाही. स्पोर्ट्सचे सर निवृत्त होतात, त्यांचा कार्यभार ‘तात्पुरता’ दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकांकडे जातो, जिमखान्याची किल्ली ऑफिसातल्या खिळ्यावर अडकते. पुढच्या वर्षी झोनल स्पर्धेच्या प्रवेशिकेत चार खेळ कमी भरले जातात. ज्याला विरोध करायचा असा कागदच नसतो. स्टॅनफर्डच्या पोरांना भांडता आलं, कारण त्यांच्या हातात यादी होती.

तेव्हा आपल्याकडची यादी आपणच तयार करावी लागते, आणि तिचा शोध शासन निर्णयांत घ्यावा लागतो. २५ मे २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाने अनुदानित महाविद्यालयांतल्या पदभरतीवर बंदी घातली. आंदोलनं झाली, निवेदनं गेली, आणि ३ नोव्हेंबर २०१८च्या निर्णयाने रिक्त जागांपैकी ४० टक्के भरायला परवानगी मिळाली. एकूण ४,७३८ पदं. त्यांत सहायक प्राध्यापक ३,५८०, प्रयोगशाळा सहायक ८५६, ग्रंथपाल १६३ आणि शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजेच स्पोर्ट्सचे सर, १३९. बातम्या प्राध्यापकांच्या आकड्याच्या झाल्या. शेवटचा आकडा मात्र जरा थांबून वाचण्यासारखा आहे. १३९ म्हणजे ४० टक्के, तर रिकाम्या खुर्च्या साडेतीनशेच्या घरात होत्या. राज्यात अनुदानित महाविद्यालयं अकराशेहून थोडी अधिक, आणि एका महाविद्यालयाला संचालकाचं सहसा एकच पद. हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा अर्थ असा की दर दहा महाविद्यालयांपैकी तिनांत मैदानाला मालक नव्हता. परवानगी मिळाल्यावर जाहिरात, आरक्षणाची बिंदुनामावली, विद्यापीठाची मान्यता, मुलाखत असा घाट चढायचा तो वेगळाच. शिवाय त्या काळात आणखी संचालक निवृत्त होत राहिलेच.

इथे एक गंमत सांगायला हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार या पदाच्या उमेदवाराची शारीरिक चाचणी होते. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १,८०० मीटर अंतर कापलं पाहिजे. नियम चांगलाच आहे. पण पद किती दिवसांत भरलं पाहिजे, याची अशी चाचणी सरकारची कुणी घेत नाही.

प्राध्यापकाची जागा रिकामी राहिली तर तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, अभ्यासक्रम कसाबसा पुरा होतो. खेळाला हा तोडगा लागू पडत नाही. संघ उभा करायचा तर माणूस सकाळी सहाला मैदानावर हवा आणि संध्याकाळी परत हवा. प्रवेशाच्या गर्दीत कोणता मुलगा कबड्डीचा आहे हे त्याने हेरायला हवं, विद्यापीठाचे पात्रता फॉर्म वेळेत भरायला हवेत, संगमनेर नाहीतर पुण्याच्या स्पर्धेला पोरांबरोबर एसटीत बसायला हवं, परीक्षा आणि सामना एकाच दिवशी आले तर प्राचार्यांसमोर उभं राहायला हवं. मोजून दिलेल्या तासांच्या मानधनावर हे कुणी का करावं? आणि ज्या मराठीच्या किंवा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकावर हा भार पडतो, त्याने तरी काय करावं? तो बुद्धिबळ, योग, बॅडमिंटन अशा प्रवेशिका भरतो. दोन-चार मुलं, एक रिक्षा, काम झालं. फुटबॉल, हॉकी, खो-खो यांना संघ लागतो, किट लागतं, सराव लागतो, टीए-डीए लागतो. संघाचे खेळ आधी गळतात ते यामुळे.

पैशाची बाजू खोटी नाही. अनुदान मुख्यतः पगाराचं असतं. मैदानावर रोलर फिरवणं, जाळी, चेंडू, पंचांचं मानधन, प्रवास हे सगळं विद्यार्थ्यांच्या क्रीडा शुल्कातून भागवायचं, आणि त्यातलाही एक हिस्सा विद्यापीठाला जातो. २००१नंतर आलेल्या ‘कायम विनाअनुदानित’ धोरणातल्या महाविद्यालयांना तर पगारही शुल्कातूनच काढावा लागतो. त्यात शिष्यवृत्तीची आणि शुल्क प्रतिपूर्तीची रक्कम उशिरा येते. जुलै २०२४पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. निर्णय योग्यच आहे, पण सरकार भरून देतं ते या दोन शीर्षांचं. क्रीडा शुल्क त्यात बसत नाही. हात आखडला की सगळ्यांत आधी हे शीर्ष आकसतं, कारण त्यावरून आरडाओरडा होत नाही.

तरीही गाडी पैशापाशी अडली, असं म्हणून मोकळं होता येत नाही. नाशिकचाच दाखला पाहू. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिसरी आली. मिल्खा सिंग यांच्या १९५८च्या सुवर्णानंतर राष्ट्रकुलच्या धावमार्गावर भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक होतं. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत तिने १०,००० मीटरचं रौप्य आणि ५,००० मीटरचं कांस्य मिळवलं. नाशिकचीच संजीवनी जाधव २०१७मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आली. या दोघींच्या मागे खर्चिक प्रयोगशाळा नव्हती. भोसला मिलिटरी स्कूलचं मैदान होतं आणि त्यावर विजेंद्र सिंग नावाचे प्रशिक्षक होते. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचा पगारी माणूस, खासगी संस्थेची जमीन आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या मुली, एवढीच सामग्री. माणूस वर्षानुवर्षं एका जागी टिकला, म्हणून एकामागून एक धावपटू तयार झाल्या.

दुसरा दाखला उलट बाजूचा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदणाऱ्या घरातला. त्याच्या हातात वल्हं आलं ते २०१२मध्ये सैन्यात भरती झाल्यानंतर, पुण्याला. चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला, आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्ण जिंकला. गंगापूर रोडला गोदावरीच्या काठी केटीएचएम महाविद्यालयाचा बोट क्लब आहे. तळेगाव रोहीहून तो फार लांब नाही. पण दुष्काळी गावातल्या पोराला हेरून त्या नदीपर्यंत आणायचं कुणाच्या नोकरीच्या कामात बसत नव्हतं. सैन्यात बसत होतं.

माणूस नेमला पाहिजे, ही समज आपल्याकडे नवी नाही. नाशिक जेव्हा मुंबई प्रांतात होतं, तेव्हा १९३८मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी सरकारी संस्था निघाली. प्रांताची तिजोरी काही भरून वाहत नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिकला भोसला स्कूल सुरू केलं. शहरातलं हं. प्रा. ठा. महाविद्यालय त्याआधीचं, १९२४चं. त्या पिढीने जमिनी घेताना मैदानाला जागा सोडली. आज तिथे जमिनीचा भाव चौरस फुटात सांगतात, तरी ती मैदानं अजून आहेत. त्यांवर शिट्टी वाजवणारा मिळत नाही.

गळती खालून सुरू होते हेही खरं. २०१५मध्ये शाळांसाठी कला, क्रीडा आणि कार्यानुभव यांचे ‘अतिथी निदेशक’ नेमण्याची कल्पना आली आणि तासाला ५० रुपये मानधन ठरलं. पुढे शारीरिक शिक्षणाच्या तासिका कमी करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शिक्षकांनी शालेय स्पर्धांवर बहिष्काराचं हत्यार उपसलं. पन्नास रुपयांत घडलेला मुलगा अकरावीला येतो, तेव्हा त्याने मैदान पाहिलेलं असतं ते बहुधा मोबाइलवर.

मग कॉलेजच्या फलकावर पदकं कुठून येतात? कारण पदकं येतात. फेब्रुवारी २०२०मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या. त्यांत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ पंजाब विद्यापीठाच्या मागोमाग दुसरं आलं. नाशिक जिल्हा याच विद्यापीठात मोडतो. इथे मला सगळ्यांत मोठी फसगत दिसते. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांनी मिळवलेली पदकं आणि पुरस्कार मोजले जातात. मग सोपा मार्ग निघतो. अकादमीत किंवा खासगी प्रशिक्षकाकडे तयार झालेला खेळाडू आपल्या कॉलेजात घ्यायचा, हजेरीत सवलत द्यायची, पदक आलं की सत्कार करायचा. खेळाडूचा फायदा होतो, मी त्याला दोष देणार नाही. पण त्या कॉलेजच्या मैदानाचा त्या पदकाशी काडीचा संबंध नसतो. संघ पाच वर्षांपूर्वी बंद पडलेले असले, तरी वार्षिक अहवाल चकचकीत दिसतो. स्टॅनफर्डने खेळ कापले ते सर्वांना दिसले. आपल्याकडे कापलेला खेळ पदकांच्या फोटोखाली झाकला जातो.

सरकारही त्याच फोटोत उभं असतं. २०२४मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवलं आणि राज्याने लगेच एक कोटी रुपये जाहीर केले. ते त्याच्या हक्काचेच. आता नव्याने लागणाऱ्या शारीरिक शिक्षण संचालकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. भत्ते धरले तर वर्षाला बारा लाखांच्या आसपास. म्हणजे एका पदकाच्या बक्षिसात एका महाविद्यालयाचं मैदान आठ वर्षं जागं राहतं. दोन्ही खर्च करायची ऐपत या राज्याला नाही, असं कुणी गंभीरपणे म्हणू शकेल का? नव्या शैक्षणिक धोरणात खेळ आणि योग यांना श्रेयांकही दिले आहेत. संचालक नसलेल्या कॉलेजात ते श्रेयांक कोण देतं आणि कशावरून देतं, हे एकदा विचारून पाहावं.

विचारता येतं. सरकारी अनुदान घेणारं महाविद्यालय माहिती अधिकारात येतं. प्रवेशाच्या पावतीवर क्रीडा शुल्काची ओळ असतेच. गेल्या पाच वर्षांत या शीर्षाखाली किती जमले, किती खर्च झाले, विद्यापीठाच्या नाशिक विभागीय स्पर्धांना दरवर्षी कोणत्या खेळांत संघ गेले, आणि संचालकाचं पद कोणत्या तारखेपासून रिकामं आहे, एवढे चार रकाने. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवस. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाची उत्तरं शेजारी शेजारी मांडली, तर नाशिकचीही यादी तयार होईल.