गड आणि जाते

समर्थांच्या घळीमुळे सर्वतोमुखी झालेले शिवथरचे खोरे इ. स. १६५६ मध्ये जावळीकर चंद्रराव मोऱ्यांच्या अमलातून शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले आणि त्याच वर्षी हस्तगत झालेली रायरी पुढे रायगड या नावाने राजधानी झाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु गडाचे सामर्थ्य जितके तटात तितकेच अंबारखान्यात असते, याकडे इतिहासप्रेमी मंडळी सहसा डोळेझाक करतात. हवालदार गडाचा मुख्य, सबनिसाकडे हजेरी व दफ्तर, आणि धान्यसामग्रीचा हवाला कारखानिसाकडे, अशी त्या काळची वाटणी होती. कोठारांना आग, उंदीर व वाळवी यांचा उपद्रव होऊ नये, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त आवर्जून दिली आहे.

धान्य भरले, तरी त्याचे पीठ व्हावयास हवे. औरंगाबादेस पाण्याच्या बळावर पाणचक्की फिरली. येथे, धबधब्यांच्या मुलखात, दळण बायकांच्या मनगटावरच राहिले! काळ्या पाषाणाचे दोन वाटोळे दगड, वरच्याच्या तोंडात मूठमूठ नाचणी वा वरी वैरायची आणि खुंटा धरून ओढायचे. दगड झिजून गुळगुळीत झाला, की टाकी लावून त्यास पुन्हा खरखरीत करावयाचे.

१० मे १८१८ रोजी रायगड इंग्रजांच्या हाती पडला. खोऱ्यातील जाती मात्र पिठाची गिरणी येईपर्यंत फिरत राहिली.