पांगच्या तंबूपाशी ‘एमएच’ची गाडी दिसते तेव्हा

मनालीहून लेहला निघालात की तांदीला टाकी तुडुंब भरून घ्या. ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ असं बजावणारी इथली पाटी इतकी प्रसिद्ध, की तिच्याशेजारी फोटो काढल्याशिवाय बुलेटवाले पुढे सरकत नाहीत. ओळखींना सुरुवात होते तीही इथेच. कुणाचा पेट्रोलचा कॅन गळत असतो, कुणाकडे सामान बांधायला दोरी नसते. बारा नंबरवाला पुणेकर नऊ नंबरच्या कोल्हापूरकराला दोरी देतो आणि पुढचे दोन दिवस दोघं मागे-पुढे एकाच रस्त्यावर असतात.

थांबलाच आहात तर खाली नदीकडेही बघा. बारालाचा खिंडीच्या दोन अंगांनी उगवलेल्या चंद्रा आणि भागा तांदीला एक होतात आणि नाव होतं चंद्रभागा! पुढे हीच चिनाब. आपली पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा. तिथे ती चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून ते नाव. नात्यानं दोघींचा काही संबंध नाही, तरी वारी केलेला माणूस इथे हात जोडतोच.

आता एक कळकळीची गोष्ट. ऑक्टोबर २०२० मध्ये ९ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांग खिंड चढायची गरज राहिली नाही. वेळ वाचतो, पण शरीराला उंचीची सवय व्हायला मिळणारा अवधीही कमी होतो. मनाली जेमतेम साडेसहा हजार फुटांवर, सरचू चौदा हजारांवर. एका दिवसात एवढं चढून सरचूला तंबू ठोकला की रात्रभर डोकं ठणकतं, मळमळतं. त्यापेक्षा पहिला मुक्काम भागेच्या काठी जिस्पाला करा. साडेदहा हजार फूट उंची, नदीकाठी तंबूला सपाट जागा, झोपही शांत. कापूर हुंगून बरं वाटत असेल तर जरूर हुंगा, पण त्रास वाढला तर खरा उपाय एकच: खाली उतरणं.

बर्फ वितळतो तसे दुपारनंतर ओढे फुगतात. पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी संध्याकाळी गुडघ्यापार जातं. मग दोन्ही काठांवर गाड्यांची रांग लागते आणि अनोळखी माणसं बूट गळ्यात अडकवून एकमेकांच्या मोटरसायकली ढकलतात. अशा ओढ्यात झालेली ओळख टिकते, असा माझा अनुभव आहे.

सरचूच्या पुढे गाटा लूप्स. २१ वळणं, आणि त्यांत एक छोटंसं देऊळ. बंद पडलेल्या ट्रकपाशी राखणीला थांबलेला क्लीनर थंडीनं आणि तहानेनं गेला, अशी कथा सांगतात. त्याच्यासाठी लोक पाण्याची बाटली ठेवतात, कुणी सिगरेटही. कथा खरी-खोटी कशीही असो, या रस्त्यावर तहानलेल्याला पाणी द्यायचं ही रीत त्यातून पक्की झाली आहे. मात्र तिथे बाटल्यांचा डोंगर साचला आहे. हात जोडा, आणि आपल्या पाण्याची बाटली एखाद्या चालत्या-बोलत्या प्रवाशाच्या हातात द्या.

आणि मग पांग! पंधरा हजार फूट. रस्त्याकडेला पांढरे घुमटाकार पॅराशूट तंबू. मधोमध खांब, कडेनं गाद्या अंथरलेल्या, त्यावर जाडजूड रजया, कोपऱ्यात शेगडी. फळीवरची चिप्सची पाकिटं फुग्यासारखी टम्म, कारण बाहेर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. पाणी इथे सुमारे ८५ अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय डाळ-भात शिजणं कठीण, म्हणून मॅगी आणि ऑम्लेटचं राज्य. एका रांगेत झोपलेले सायकलवरचे परदेशी, पंजाबी ट्रकवाले आणि नाशिकचं एखादं जोडपं सकाळी एकाच शेगडीवर हात शेकतात. ‘जुले’ हा लडाखी शब्द तोपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलेला असतो. भेटलात तरी जुले, निघालात तरी जुले, आभारही जुले.

पांगच्या वर मोरे मैदान लागतं, चाळीसेक किलोमीटर जवळपास सपाट. दूरवर याकच्या केसांचे काळे तंबू दिसले तर ते चांगपांचे. पश्मिना देणाऱ्या बकऱ्यांमागे फिरणारी ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या तंबूत राहत आली आहेत. त्यांच्या तंबूजवळ जाताना आधी विचारा, फोटो त्यानंतर.

रस्ता उन्हाळ्यापासून साधारण ऑक्टोबरपर्यंत खुला असतो, थंडी आली की पॅराशूट तंबू गुंडाळले जातात. जायचं ठरवलंत तर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा जरा मोठा घ्या. पांगला मॅगीवर ती भुरभुरली की शेजारचा हात पुढे येतोच.