सायकल काढा, रोहित पाहायला चला

साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या आता आपल्या गल्लीगल्लीत पोचल्या आहेत. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिमची फी परवडत नसेल, तर घरातली जुनी सायकल पुरे.

रविवारी उजाडताच घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातून निघा. पूर्व द्रुतगती मार्गाने विक्रोळी, कांजूरमार्ग मागे टाकले की भांडुपला पंपिंग स्टेशनचा रस्ता उजवीकडे खाडीकडे जातो. ऐरोली आणि वाशी पुलांमधल्या या खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाले. २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात रोहित पक्षी चरतात.

द्रुतगती मार्गावर ट्रक-डंपर भरधाव असतात. हेल्मेट घाला, एकामागे एक चला, सर्व्हिस रोड असेल तिथे तोच धरा. मार्ग ओलांडताना उतरून सायकल हातात धरा.

पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकेल, एवढी सीट उंच ठेवा. साखरेचे औषध घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर ठेवावी. छातीत दुखले तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

आणि घरातल्या मायबहिणींनाही सोबत घ्या. गोळ्या त्यांनाही चालू आहेत.