मिलिंद महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगर

मिलिंद महाविद्यालय हे महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील एक महाविद्यालय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये ते सुरू केले. महाविद्यालयाचा परिसर नागसेनवन या नावाने ओळखला जातो. महाविद्यालयाचे आणि परिसराचे अशी दोन्ही नावे बौद्ध परंपरेतून घेतलेली असली, तरी येथील अभ्यासक्रम सुरुवातीपासून कला आणि विज्ञान या सर्वसाधारण विद्याशाखांचा राहिला असून प्रवेश सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी खुला आहे.

पार्श्वभूमी

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. संस्थानातील उच्च शिक्षण १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाभोवती केंद्रित होते आणि त्याचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादेत १९२३ पासून उस्मानियाचे इंटरमीजिएट कॉलेज होते. उर्दूचे थोर अभ्यासक मौलवी अब्दुल हक यांनी त्याचे प्राचार्यपद भूषविले. खेड्यांतील मराठी भाषक विद्यार्थ्याला हे शिक्षण भाषेमुळे आणि खर्चामुळे दुरापास्त होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांपुढे त्याआधीची, म्हणजे शाळेच्या दारातील अडचण होती.

आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. मुंबईत शिक्षणाच्या इतर सोयी होत्या. मराठवाड्यात त्या जवळजवळ नव्हत्या. संस्थेने दुसऱ्या महाविद्यालयासाठी औरंगाबादची निवड करण्यामागे हे कारण महत्त्वाचे होते. त्याच वर्षी नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्यामुळे १९५० हे मराठवाड्याच्या उच्च शिक्षणातील वळणाचे वर्ष मानता येते.

स्थापना

महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. म. भि. चिटणीस हे पहिले प्राचार्य होते. स्थापनेच्या वेळी विभागात स्वतंत्र विद्यापीठ नव्हते, म्हणून महाविद्यालय उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आल्यावर ते त्या विद्यापीठाकडे आले.

नावाचा अर्थ

‘मिलिंद’ हे मिनँडर या ग्रीक राजाच्या नावाचे पाली रूप आहे. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर त्याचे राज्य होते; सागल (बहुधा आजचे सियालकोट) ही त्याची राजधानी होती. या राजाने विचारलेले प्रश्न आणि भिक्षू नागसेनाने दिलेली उत्तरे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहेत. वाद सुरू होण्यापूर्वी नागसेन एक अट घालतो. चर्चा पंडितांच्या रीतीने होणार असेल तर आपण बोलू, राजांच्या रीतीने होणार असेल तर नाही. पंडितांमध्ये एकाचे म्हणणे खोडले गेले, तरी तो रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंद ही अट मान्य करतो. पुढे प्रश्नोत्तरांत त्याला अनेकदा माघार घ्यावी लागते आणि तो ती घेतो.

विद्यालयाला नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, आणि उत्तर देणाऱ्या भिक्षूचे नाव परिसराला. शिक्षणसंस्थेच्या दृष्टीने ही योजना अर्थपूर्ण आहे. हे महाविद्यालय आंबेडकरांच्या धर्मांतराच्या सहा वर्षे आधीचे आहे, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. त्यांच्या शैक्षणिक कार्यातील बौद्ध संदर्भ मात्र १९४६ च्या ‘सिद्धार्थ’ या नावापासूनच दिसू लागतात.

साहित्य आणि सामाजिक जीवन

मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांतील पहिला पदवीधर या महाविद्यालयाने घडविला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात हे येथील माजी विद्यार्थी होत. दलित साहित्याच्या इतिहासात नागसेनवनाचे स्थान विशेष आहे. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. अमेरिकेत शिक्षण घेऊन आलेले प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले. येथे अध्यापन केलेले गंगाधर पानतावणे यांनी दीर्घकाळ संपादित केलेले ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक दलित लेखकांच्या दोन-तीन पिढ्यांचे व्यासपीठ ठरले.

नामांतर आंदोलन

मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव द्यावे, या मागणीशी नागसेनवनाचा निकटचा संबंध आहे. विभागात उच्च शिक्षणाची पायाभरणी त्यांनी केली, हा या मागणीमागील एक मुख्य युक्तिवाद होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली आणि माणसे मारली गेली. पोचीराम कांबळे हे त्या हिंसाचारात बळी पडलेल्यांपैकी एक होते. ठरावाची अंमलबजावणी थांबली आणि १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे झाले. जुने नाव कायम ठेवून त्यात भर घातल्यामुळे या निर्णयास ‘नामविस्तार’ म्हणतात. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने वेगळे विद्यापीठ स्थापन करण्यात आले.

सद्यस्थिती

कला आणि विज्ञान या शाखांची आता स्वतंत्र महाविद्यालये आहेत. संस्थेची विधी, वाणिज्य, अभियांत्रिकी आणि शारीरिक शिक्षणाची महाविद्यालयेही शहरात आहेत. विद्यापीठाचा परिसर नागसेनवनापासून जवळ असून त्यामागील डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मराठवाड्याच्या गावोगावांहून आलेले लोक अभिवादनासाठी जमतात.