नवव्या मिनिटापासून पन्नासाव्या मिनिटापर्यंत

ओहोटी लागली की मालवणच्या चिवला किनाऱ्यावरची ओली वाळू घट्ट होते. दाण्यांमधलं पाणीच दाण्यांना धरून ठेवतं. अनवाणी पायांची बोटं त्यात रुततात, चेंडू नेमका कुठे लागला तेही कळतं. इथल्या पोरांना यात काही विशेष वाटत नाही. पण एके काळी देशाचा फुटबॉल संघच असा अनवाणी खेळायचा! १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी उतरले आणि फ्रान्सकडून जेमतेम १-२ असे हरले. चार वर्षांनी हेलसिंकीच्या गार हवेत युगोस्लाव्हियानं मात्र १०-१ असा धुव्वा उडवला. ओल्या गवतावर तळवा घसरतो, बुटांचे खिळे तिथे मातीत शिरतात. त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले.

पुढच्याच ऑलिंपिकमध्ये जे घडलं, त्याचं नवल मला अजून ओसरत नाही.

१ डिसेंबर १९५६, मेलबर्न. हंगेरीनं माघार घेतल्यामुळे भारत न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोचला होता. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. आघाडीला नेव्हिल डिसोझा. मुंबईकडून खेळणारा, पण मूळचा गोव्याचा, म्हणजे तेरेखोल नदीपलीकडचा आपला शेजारीच. नवव्या मिनिटाला त्याचा पहिला गोल, तेहेतिसाव्याला दुसरा. ब्रूस मॉरोनं दोन्ही वेळा बरोबरी साधली. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मग किट्टूनं चौथा मारला आणि भारत ४-२ नं जिंकला.

सेंटर फॉरवर्डचं काम लांबून सोपं वाटतं. प्रत्यक्षात नव्वद मिनिटांत चेंडू त्याच्या पायाशी फारच थोडा वेळ असतो. उरलेला सगळा वेळ तो गरी टाकून बसलेल्या माणसासारखा सावध असतो. बचावपटूची नजर चेंडूकडे वळली की हा दोन पावलं सरकतो. तेवढ्या फटीत पास आला, तर थांबवून विचार करायला सवड नसते. पाय आधीच तयार हवा. हे एकदा साधणंही कठीण, तिथे त्यानं ते एकाच सामन्यात तीनदा साधलं. आणि खेळणं ही काही त्याची पूर्णवेळची नेमणूक नव्हती. इंग्लंडमध्ये तेव्हा क्लब स्ट्रायकरना खेळण्याचा पगार देत. नेव्हिल मात्र टाटा, कॅल्टेक्स अशा कंपन्यांच्या संघांतून खेळला.

उपांत्य फेरीत गाठ पडली ती त्याच युगोस्लाव्हियाशी. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा संघ आता बुटांत होता, आणि उत्तरार्धात पहिला गोल नेव्हिलनंच केला. काही मिनिटं का होईना, भारत ऑलिंपिक अंतिम फेरीच्या वाटेवर पुढे होता! शेवटी सामना १-४ असा गेला, कांस्यपदकाची लढत बल्गेरियानं ३-० नं जिंकली. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल तिघांच्या नावावर लागले: बल्गेरियाचा मिलानोव्ह, युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि आपला नेव्हिल डिसोझा. १९८० साली तो गेला. वांद्र्यातल्या एका फुटबॉल मैदानाला त्याचं नाव दिलं आहे.