गव्हाणी घुबडाची गोळी

वडगाव निंबाळकरला एका पडक्या वाड्यात तुळईखाली मला काळपट गोळ्या सापडल्या. गव्हाणी घुबड उंदीर सबंध गिळतं. न पचलेली हाडं-केस काही तासांनी तोंडावाटे गोळी करून टाकतं. गोळी पाण्यात भिजवली की जबडे सुटे होतात. पुढच्या दातांमागे मोकळी जागा असेल तर उंदीर नाहीतर घूस. दातांची रांग अखंड असेल तर चिचुंदरी. (ती उंदरांच्या कुळातली नव्हेच!) माझ्या भांड्यात बहुतेक जबडे उंदरांचेच निघाले. नवल नाही: नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या दाट उसात त्यांना अन्न आणि आडोसा दोन्ही मिळतं. त्यांच्यासाठी मग विषारी आमिष ठेवलं जातं. रक्त गोठू न देणारं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. घुबडाला तोच आधी सापडतो आणि विष घुबडाच्या यकृतात साठत जातं. त्या तुळईखाली यंदा ताजी गोळी दिसली नाही.